परशुधर : एका शब्दाचा मागोवा

‘परशुराम’ म्हणजे परशू धारण करणारा राम. महाभारतात हा पुरुष प्रामुख्याने जामदग्न्य अथवा भार्गव राम म्हणून येतो. शस्त्रावरून पडलेले नाव पुढे रूढ झाले. शस्त्राचा शब्द मात्र प्राचीन आहे. तो ऋग्वेदात आढळतो आणि ग्रीक ‘पेलेकुस’ हा त्याचा सगोत्र मानला जातो. पालीत त्याचे ‘फरसु’ असे रूप होते. मराठीतील ‘फरशी’ या कुऱ्हाडीच्या नावात हाच ‘फ’ टिकून आहे. जमिनीवरची फरशी वेगळी. ती अरबी ‘फर्श’पासून आली.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या आरंभीच्या गणेशरूपकात एका हातात ‘फरशु’ आहे आणि तो फरशु म्हणजे तर्क. दुसऱ्या हातात मोडलेला दात आहे. तो वार्तिककारांनी खंडिलेल्या बौद्धमताची खूण होय.

या रूपकापाशी आम्हांला थांबावेसे वाटते. तर्काच्या ज्या परशूने बौद्धमत छेदले गेले असे मानतात, त्याला धार लावणाऱ्यांत दिङ्नाग आणि धर्मकीर्ती हे बौद्ध आचार्य अग्रणी होते. शस्त्र स्मरणात राहिले. ते परजणारे हात विस्मरणात गेले.

गावगाड्यातही हेच घडले. महार वतनाच्या चाकरीत लाकडे फोडण्याचे काम होते. पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड चालविणाऱ्याला ‘परशुधर’ ही पदवी कोणी दिली नाही. त्याच्या वाट्याला बलुते आणि वेठ आली. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त परशुरामकथेची उलटतपासणी केली आणि ‘महार’ शब्दाची ‘महा-अरि’ अशी फोड केली. भाषाशास्त्राच्या कसोटीवर या व्युत्पत्तीचे काहीही होवो. शब्दाचा अर्थ लावण्याचा अधिकार त्यांनी आपल्या हाती घेतला, हे तिचे खरे मोल. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली.

सुत्तनिपातातील कोकालिक सुत्तात कठोर वाणीला मुखातील कुऱ्हाड म्हटले आहे. मूर्ख तिने स्वतःलाच छेदतो. म्हणून तर्काचा फरसु हाती घेताना तो द्वेषावर नव्हे, विवेकावर परजावा. असा फरसु धारण करणारा तो परशुधर, असे आम्ही मानतो.