बाहुलीघराचं दार अडकतंय? छोटे दरवाजे आणि खिडक्या मापात बनवण्याची पद्धत

बाहुलीघर बनवताना भिंती आणि छप्पर पटकन उभं राहतं, पण दार बसवताना बरेच जण कंटाळतात. दार घासतं, नाहीतर उघडतच नाही. मग शेवटी ते तसंच चिकटवून टाकलं जातं. यामागे बहुतेक वेळा कारण एकच असतं: अर्धा मिलिमीटर कुठेतरी हरवलेला असतो. तो कसा वाचवायचा, ते आज आपण पाहूया.

१:१२ स्केल म्हणजे काय?

बाहुलीघरासाठी सर्रास वापरलं जाणारं प्रमाण म्हणजे १:१२. खऱ्या घरातला १ फूट इथे १ इंच होतो. इंग्लंडमधल्या विंडसर कॅसलमधलं राणी मेरीचं प्रसिद्ध बाहुलीघर याच प्रमाणात आहे. ते १९२१ ते १९२४ या काळात तयार झालं. त्याचे आर्किटेक्ट एडविन लुटियन्स, म्हणजे आपल्या राष्ट्रपती भवनाचं डिझाइन करणारेच!

आता उदाहरण घेऊ. खरं दार २१०० मिमी उंच, ९०० मिमी रुंद आणि ३५ मिमी जाड आहे. प्रत्येक मापाला १२ ने भागा. छोटं दार १७५ मिमी उंच, ७५ मिमी रुंद आणि साधारण ३ मिमी जाड झालं. म्हणजे ३ मिमीची एमडीएफ शीट किंवा तेवढाच जाड, कडक पुठ्ठा चालेल.

फोन कुठे वापरायचा, कुठे नाही?

मोठं दार मोजायला फोनचं मेझर ॲप चालतं. त्यात १ सेमीची चूक झाली तरी १२ ने भागल्यावर ती १ मिमीपेक्षाही कमी उरते. पण छोटं दार त्याच ॲपने मोजू नका. तिथे १ सेमीची चूक म्हणजे सगळंच बिघडलं. छोट्या मापांसाठी स्टीलची पट्टीच हवी.

नक्षीसाठी फोटो घेताना दाराच्या अगदी समोर, थोडं लांब उभं राहून २एक्स झूम करा. जवळून किंवा तिरका काढला तर चौकट वाकडी दिसते.

प्रिंट काढताना एक सेटिंग विसरू नका

फोनवर ड्रॉइंग करून प्रिंट काढणार असाल तर ‘फिट टू पेज’ बंद करा आणि साइज १०० टक्के ठेवा. समजा प्रिंट ९६ टक्क्यांनी आली, तर १७५ मिमीचं दार १६८ मिमीचं होईल. ड्रॉइंगमध्ये ५० मिमीची एक रेघ मारून ठेवा. प्रिंट आल्यावर आधी ती रेघ मोजा, मगच कापा.

दार बनवण्याच्या पायऱ्या

१. आधी चौकट बनवा. आतलं माप ७६ × १७६ मिमी ठेवा, म्हणजे दाराच्या चारही बाजूंना अर्धा मिमी फट राहते. चौकटीच्या पट्ट्या ६ मिमी रुंद घेतल्या तर बाहेरचं माप ८८ × १८८ मिमी येतं. भिंतीतली जागा ८९ × १८९ मिमी कापा. खालची पट्टी म्हणजे आपला उंबरठा.

२. दार कापा. बिजागरीच्या बाजूची उभी कड पॉलिशपेपरने अर्धगोल करा. कड चौकोनी राहिली तर दार फिरताना तिचा कोपरा चौकटीवर घासतो.

३. रंग आत्ताच द्या. रंगाचा थरही फट खातो, म्हणून दार वाळल्यावर चौकटीत धरून बघा. साधे ५ कागद एकत्र धरले की जवळपास अर्धा मिमी होतो. ते प्रत्येक फटीत सरकले पाहिजेत.

४. बिजागरी म्हणून टाचणी वापरा. कडेपासून दीड मिमीवर, जाडीच्या बरोबर मध्यावर, दाराला वर आणि खाली बारीक छिद्र पाडा. चौकटीला त्याच रेषेत छिद्रं पाडून बाहेरून टाचण्या आत घाला. खालच्या टाचणीत पातळ पुठ्ठ्याची छोटी चकती अडकवा, म्हणजे दार उंबरठ्यावर बसणार नाही. फेव्हिकॉलचा थेंब फक्त चौकटीच्या बाहेर, टाचणीच्या डोक्याला लावा.

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या वाड्यांची दारं याच पद्धतीने फिरतात. फळीला वर-खाली खुंटी असते आणि ती चौकटीतल्या खोबणीत फिरते.

५. दार छान फिरतंय ना? आता चौकट भिंतीत चिकटवा. आधी चौकट चिकटवली तर टाचणी घालायला जागाच उरत नाही. दार थांबवायची पट्टी कडीच्या बाजूलाच लावा, बिजागरीच्या बाजूला नको.

खिडकीचं काय?

काचेसाठी ओएचपी शीट किंवा नव्या शर्टाच्या बॉक्सचं पारदर्शक प्लॅस्टिक घ्या. ते दोन चौकटींच्या मध्ये ठेवा आणि गोंद फक्त लाकडाला लावा. फेव्हिक्विकसारखा इन्स्टंट गोंद टाळा, त्याच्या वाफेने प्लॅस्टिकवर पांढरा धुरकट डाग पडतो.

गजांसाठी टूथपिक घ्यायचा मोह होतो. पण ती साधारण २ मिमी जाड असते, म्हणजे खऱ्या घरात २४ मिमीचा गज! त्याऐवजी १ मिमीची तार घ्या आणि दोन गजांमध्ये ८ मिमी अंतर ठेवा.

कटर वापरताना स्टीलच्या पट्टीला टेकवून, दोन-तीन हलक्या हातांनी कापा. लहान भावंडं सोबत असतील तर कापायचं काम तुम्हीच करा, रंगकाम त्यांना द्या.

थोडक्यात, मोठं माप फोनने, छोटं पट्टीने, प्रिंट १०० टक्के आणि चौकट सगळ्यात शेवटी भिंतीत. एवढं सांभाळलं की दार एका बोटाने उघडतं.