पाणी सांडलं की संपलं?

 

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एकीची चार वर्षांची लेक अंगणवाडीत दिवसभर "कान, कान" म्हणत राहिली. ताईंनी पाहिलं, डूल दोन्ही जागेवर होते. त्यांना वाटलं, पोर डूल मिरवतेय. रात्री पोर तापाने फणफणली आणि कान वाहू लागला. चूक ताईंचीही नाही आणि पोरीचीही नाही. "माझा कान दुखतोय" हे तीन शब्द जोडून बोलायची सवय तिला कुणी लावलीच नव्हती. घरात तिने बोट दाखवलं की आपण वस्तू हातात देतो. तिने तोंड उघडलं की पुढचं वाक्य आपणच पुरं करतो.

त्यावरून आमच्या बैठकीत विषय निघाला. लहान मुलाला पुरतं बोलायला शिकवावं लागतं, हे आपल्याकडे कुणी ओळखलं? आज तीच गोष्ट सांगतो.

जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत मुलं धुळपाटीवर अक्षरं गिरवायची. मुळाक्षरं, बाराखडी, पाढे यांची रोज घोकंपट्टी. आधी अक्षर, मग शब्द, आणि वाक्य फार पुढे. मुलाने ऐकायचं आणि म्हणायचं, मनचं काही बोलायचं नाही. मुलींना तर तिथे जागाच नव्हती. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली तेव्हा ते दार उघडलं. पण शाळेच्या वयाआधीचं मूल, आपल्या कडेवरचं, परकरातलं, त्याचा विचार अजून व्हायचा होता.

१९०७ साली इटलीत रोम शहरात मारिया माँटेसरी या डॉक्टरीण बाईंनी कामगारवस्तीतल्या लहानग्यांसाठी बालगृह उघडलं. मूल हाताने काम करत, आपल्या गतीने शिकतं, हे त्यांनी दाखवलं. तो विचार गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी उचलला. ते मुळात वकील. १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केलं. छडी बंद, आणि गोष्टी, गाणी, नाटकं सुरू. गोष्ट ऐकलेलं मूल ती दुसऱ्याला सांगायला जातं, आणि सांगताना आपोआप वाक्यं जुळवतं.

या भावनगरला आपल्या ताराबाई मोडक गेल्या. त्या काळच्या पदवीधर बाई. संसार मोडलेला, पदरात मुलगी. गिजुभाईंबरोबर त्यांनी काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पण माँटेसरीची साधनं महाग, आणि शाळा शहरातल्या खात्यापित्या घरच्या मुलांच्या. खेड्यातल्या मुलाचं काय? म्हणून १९४५ साली ताराबाई डहाणू तालुक्यात बोर्डीला आल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न लहानपणी झालं आणि तेराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. त्या रडत बसल्या नाहीत, शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली वस्तीत.

पोरं बालवाडीत येईनात. मग या बायाच पाड्यावर गेल्या आणि झोपडीपुढच्या अंगणात शाळा भरवली. तीच अंगणवाडी. जी पोरं गुरं राखायला जायची, त्यांच्यासाठी कुरणावर शाळा, कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, खडे, शिंपले. घरी वारली बोली आणि पुस्तकात वेगळीच मराठी, अशा मुलापुढे आधी पाटी ठेवून काय होणार? आधी त्याची भीती जायला हवी. म्हणून अंघोळ, नखं कापणं, गाणी, गोष्टी, गप्पा, आणि मग अक्षर.

१९७५ साली २ ऑक्टोबरला सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांचं नाव अंगणवाडी. आज ते नाव देशभर आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. मूल नुसतं "पाणी" म्हणून थांबलं तर काय कळणार? पाणी हवं? पाणी सांडलं? पाणी संपलं? सगळा अर्थ त्या शेवटच्या शब्दात आहे, आणि आपण मुलाला नेमकं तिथेच अडवतो. म्हणून आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या.

एक, मूल एक शब्द बोललं की आपण तो वाढवून म्हणायचा. ते म्हणालं "गाय", आपण म्हणायचं, "हो, गाय चारा खातेय." त्याच्याकडून वदवून घ्यायचं नाही. ऐकून ऐकून ते स्वतःच म्हणेल.

दोन, "जेवलास का?" असं विचारलं तर "हो" एवढंच मिळतं. त्याऐवजी "आज काय काय खाल्लंस? कुणाबरोबर बसलास?" असं विचारायचं आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं. भाकरी थापतानाही हे जमतं.

तीन, घरची बोली हसण्यावारी न्यायची नाही. "पानी सांडलं" हे पुरतं वाक्य आहे. त्याला आधी फडकं द्यायचं. "पाणी" म्हणायला ते पुढे शिकेल.

हे बोलताना आमच्यातली एक आजी म्हणाली, "अगं, आम्हाला तरी कुणी पुरं बोलू दिलं? सासऱ्यापुढे हं आणि नाही, एवढंच." सगळ्या गप्प झाल्या. खरंच, गटात आल्यावर पहिल्या बैठकीत आपण नुसतं नावच सांगत होतो. आज उभं राहून म्हणतो, "मला शेळ्यांसाठी कर्ज हवं आहे आणि मी ते वर्षभरात फेडीन." आपल्याला हे जमायला चाळिशी यावी लागली. लेकींना इतकं थांबायला लावू नका.

त्या पोरीचा कान आता बरा आहे. परवा ती अंगणवाडीत म्हणाली, "ताई, माझी चप्पल हरवली." ताईंनी लगेच शोधून दिली.

आज रात्री जेवताना आपल्या पोराला एक प्रश्न विचारा आणि त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबा. काय ऐकायला मिळालं ते पुढच्या बैठकीत सांगा. रामराम.