एकाच खोलीतली मुलाखत

समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा म्हटले की मुलाखत आलीच. दोन-तीन अनुभवी माणसे टेबलापलीकडे बसतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, ‘समाजकार्यच का?’ उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. वीस मिनिटांत मंडळाचे मत बनते. या मताची किंमत किती, हे तपासण्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात समाजकार्यातच सापडते.

१९१४ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे दोन हजार निराधार पुरुषांच्या मुलाखती घेण्यात आल्या. मुलाखती घेणारे बारा जण अनुभवी होते. कोणाकडे कोण जाईल याची काही निवड केलेली नव्हती. ही माणसे या अवस्थेला का आली, याचे कारण प्रत्येकाच्या नोंदीत लिहायचे होते. पुढे स्टुअर्ट राइस या समाजशास्त्रज्ञाने या नोंदी चाळल्या आणि १९२९ मध्ये आपला निष्कर्ष छापला. एक मुलाखतकार दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता. त्याच्या नोंदींत ६२ टक्के माणसे दारूमुळे देशोधडीला लागली होती, तर उद्योगधंद्यातल्या मंदीसारख्या कारणांमुळे अवघी ७ टक्के. दुसरा समाजवादी होता. त्याला दारूचे बळी २२ टक्केच आढळले आणि उद्योगधंद्यातील कारणांचे ३९ टक्के.

इथवर आपल्याला फारसे आश्चर्य वाटणार नाही. पण राइस यांनी आणखी एक रकाना पाहिला. त्या माणसांनी स्वतः काय कारण सांगितले, याचा. पहिल्याकडे ३४ टक्के माणसांनी दारूला दोष दिला होता, दुसऱ्याकडे फक्त ११ टक्के. म्हणजे विचारणाऱ्याचा कल सांगणाऱ्याच्या तोंडी उतरला होता! प्रश्नाचा रोख, मान डोलावणे, काय लिहून घ्यायचे आणि काय सोडायचे, या सगळ्यातून तो नकळत उतरतो.

सर फिलिप हार्टोग हे नाव बी.एड.ला समित्यांची यादी पाठ केलेल्या प्रत्येकाला आठवेल. ते ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. याच हार्टोगांनी ऱ्होड्स यांच्यासह १९३५ मध्ये इंग्लंडमधील परीक्षांची परीक्षा घेतली. त्यात १६ उमेदवार दोन स्वतंत्र मुलाखतमंडळांपुढे उभे केले होते. एका मंडळाने पहिला ठरवलेला उमेदवार दुसऱ्याकडे तेरावा आला.

अमेरिकेत टेक्सासमधील ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात तर प्रयोग आपोआपच घडला. १९७९ मध्ये प्रवेशसंख्या दीडशेवरून दोनशे करण्याचा आदेश आयत्या वेळी आला. चांगले उमेदवार तोवर इतरत्र गेले होते. मुलाखतीनंतर यादीच्या तळाशी गेलेल्यांतून पन्नास जण घ्यावे लागले. पुढे त्यांच्या आणि आधीच्या दीडशे जणांच्या कामगिरीत फरक आढळला नाही. तळाशी जाऊन कायमचे परत गेलेले असे किती असतील, हा विचार आम्हाला तरी अस्वस्थ करतो.

मग मुलाखत टाकूनच द्यायची का? कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने वेगळी वाट काढली. डंडी येथे हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या वैद्यकीय प्रात्यक्षिक परीक्षेचा हा विस्तार होता. तिच्यात विद्यार्थी एका टेबलाकडून दुसऱ्याकडे फिरतो. मॅकमास्टरला २००१ मध्ये पहिली छोटी चाचणी झाली आणि २००२ मध्ये ११७ उमेदवारांवर मोठी. एका लांब मुलाखतीऐवजी दहा छोट्या मुलाखती. दाराबाहेर प्रसंग वाचायला दोन मिनिटे आणि आत आठ मिनिटे. प्रत्येक खोलीत नवा परीक्षक, ज्याला आधीच्या खोलीत काय झाले याची कल्पना नसते.

यामागचे तत्त्व आपण शिक्षक रोज वापरतो. शंभर गुणांच्या एकाच निबंधावर आपण विद्यार्थ्याची पारख करत नाही, अनेक प्रश्न विचारतो. एका प्रसंगात चाचरणारा दुसऱ्यात खुलतो. एका परीक्षकाचा पूर्वग्रह दहाव्या हिश्शाइतकाच चालतो. एकत्र बसलेल्या तिघांत मात्र पहिल्याने मत उच्चारले की उरलेले दोघे त्याच्याकडे झुकतात, आणि तिघांचे मत म्हणून एकाचेच मत नोंदले जाते.

ही पद्धत वैद्यकातून समाजकार्याकडेही आली आणि ब्रिटनमधील काही विद्यापीठांनी ती स्वीकारली. तिथे आणखी एक बदल आधीच झाला होता. इंग्लंडमध्ये २००३ पासून समाजकार्याची पदवी सुरू झाली, तेव्हाच्या नियमांनी विद्यार्थ्यांच्या निवडीत सेवा घेणाऱ्यांचा व त्यांची काळजी वाहणाऱ्यांचा सहभाग आवश्यक केला. ज्याच्या दारी समाजकार्यकर्ता यायचा, तोच आता परीक्षक! प्राध्यापकाला उमेदवाराची मांडणी दिसते. ‘हा माझे ऐकून घेतो का?’ हे त्याला दिसते. १९१४ च्या त्या दोन हजारांना कोणी असे काही विचारले नव्हते.

नव्या पद्धतीलाही खर्च आहे, खोल्या लागतात, माणसे लागतात. बोलक्या स्वभावाच्या उमेदवारांना तिच्यात थोडे जास्त गुण पडतात, असेही काही अभ्यासांत दिसले. आपल्याकडे याला भाषेचीही जोड आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत अनेक वर्षे लेखी परीक्षेनंतर गटचर्चा आणि मुलाखत होत असे. अशा कोणत्याही ठिकाणी इंग्रजीत अडखळणारी मुलगी पुढे काम करणार असते ती मराठीत, गोंडीत किंवा भिलीत. दहा खोल्यांपैकी निदान काहींच्या दारावरचा प्रसंग त्या भाषेत लिहिलेला असावा आणि आत ती भाषा जाणणारा परीक्षक बसलेला असावा, एवढे तर कोणत्याही महाविद्यालयाला पुढच्या प्रवेशापासून करून पाहता येईल.