स्टोक रो

स्टोक रो हे इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यातील, चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर वसलेले एक लहान खेडे आहे. हेन्ली-ऑन-टेम्स हे बाजारपेठेचे गाव त्याच्या पूर्वेस सुमारे ८ किलोमीटरवर आहे. काशीच्या महाराजांनी बांधून दिलेल्या विहिरीमुळे हे खेडे प्रसिद्ध आहे.

पाण्याची टंचाई

चिल्टर्न टेकड्या खडूच्या सच्छिद्र खडकाच्या बनलेल्या आहेत. पावसाचे पाणी या खडकात झिरपून फार खोल जाते; त्यामुळे माथ्यावर ओढे-झरे नाहीत. पूर्वी ग्रामस्थ चिकणमातीच्या खड्ड्यांत साचलेले गढूळ पाणी वापरीत. कोरड्या ऋतूत तेही आटे.

महाराजांची विहीर

जवळच्या इप्सडेन गावचे एडवर्ड अँडरडन रीड (१८०७–१८८६) हे भारतात कंपनी सरकारचे अधिकारी होते. १८३१ मध्ये त्यांनी आझमगढ भागात लोकांसाठी एक विहीर खोदविली होती. घरातील शेवटचे पाणी पिऊन टाकल्याबद्दल आपल्या गावाकडील एका मुलाला आईने मारल्याची हकिकत त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती, असे म्हणतात. रीड मायदेशी परतल्यावर महाराजांनी त्या भागात विहिरीसाठी देणगी देऊ केली आणि रीड यांनी स्टोक रोची निवड केली. विहीर खोदणे हे पुण्यकर्म मानण्याची भारतीय परंपरा पाहता या देणगीत विशेष नवल नाही. नवल आहे ते तिच्या दिशेचे. राज्यकर्त्यांच्या देशातील गरिबांची तहान भागविण्यासाठी पैसा गेला तो भारतातून.

खोदकाम १८६३ मध्ये सुरू झाले. विहीर ३६८ फूट (सुमारे ११२ मीटर) खोल असून तिचा व्यास अवघा ४ फूट आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या उंचीपेक्षाही ही खोली किंचित अधिक भरते. एवढ्या अरुंद जागेत, अंधारात, मजुरांनी हे सर्व काम हातांनी केले. खाली उतरलेल्या माणसाच्या दृष्टीने वरचे आकाश केवळ ठिपक्याएवढे उरले असेल. २४ मे १८६४ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर लोकांसाठी खुली झाली. खोदाईचा खर्च सुमारे ३५३ पौंड आला. विहिरीवर लोखंडी खांबांचा, घुमटाकार छताचा मंडप असून पाणी ओढण्याच्या यंत्रावर सोनेरी हत्ती बसविला आहे. भरलेली बादली वर येण्यास सुमारे १० मिनिटे लागत.

पाणी सर्वांना विनामूल्य होते. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावण्यात आली व महाराजांच्या नावावरून तिला ‘ईश्री बाग’ म्हटले गेले. बागेतील तळे माशाच्या आकाराचे आहे. मत्स्य हे काशीच्या राजघराण्याचे चिन्ह होय. रखवालदारासाठी लहानसे अष्टकोनी घरही बांधले गेले. नळाचे पाणी येईपर्यंत, सुमारे सत्तर वर्षे, विहीर वापरात होती. महाराजांनी ती प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही. १९६४ च्या शताब्दी समारंभास राजपुत्र फिलिप उपस्थित होते. त्या वेळी विहिरीत गंगाजल मिसळण्यात आले.

गाव आणि सोयी

सेंट जॉन चर्च १८४६ मधील आहे. याखेरीज प्राथमिक शाळा, ग्रामसभागृह व ‘चेरी ट्री’ आणि ‘क्रुकेड बिलेट’ या जुन्या मद्यशाळा आहेत. भोवतालच्या बीच वृक्षांच्या रानांमुळे गावात एकेकाळी लाकडी वस्तूंचा, विशेषतः तंबूच्या खुंट्यांचा व्यवसाय चाले.