सुटे भाग, पाच मजले

अमेरिकेत सीअर्स रोबक कंपनीने १९०८ पासून कॅटलॉगमधून घरं विकली. पुढे तर कापून, क्रमांक घालूनच लाकूड मालगाडीने येई. अशी घरं हुडकणारे आज तळघरात शिरून तुळयांवरचे आकडे वाचतात.

मुंबईने हा प्रकार चाळीसेक वर्षं आधीच पाहिला होता, तोही बिडाचा आणि पाच मजली! काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे कापडव्यापारी जॉन वॉटसनचं हॉटेल. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा, ओतकाम डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीचं. १८६७ ते १८६९ मध्ये सांगाडा इथे जोडला गेला. सुएझ कालवा खुला झाला नोव्हेंबर १८६९ मध्ये. तेव्हा एवढं अवजड सामान आलं ते आफ्रिकेला वळसा घालूनच. वजन सगळं खांब-तुळयांवर, विटा नुसत्या मधल्या जागा भरायला.

७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले, ते इथेच. जमशेटजी टाटांना दारातून परतवल्याची गोष्ट मात्र ऐकीवच समजावी.

२००५ मध्ये गॅलऱ्यांचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या २००६ च्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत ही इमारत होती.