थांबलेली गाडी

परवा भाच्याला घेऊन जत्रेत गेलो होतो. आकाशपाळण्यात बसल्याबसल्या त्याचा प्रश्न, "मामा, हे मध्येच थांबलं तर?" मी म्हटलं, "थांबलं तर बरंच की रे. भीती असते ती न थांबण्याची." तो हसला, पण मला 'स्मायलर' आठवली.

इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स या पार्कात ही रोलर कोस्टर २०१३ साली सुरू झाली. एका फेरीत माणूस चौदा वेळा उलटा! अशा कोस्टरच्या रुळांचे टप्पे पाडलेले असतात. एका टप्प्यात एकच गाडी. पुढचा टप्पा रिकामा नसेल तर कॉम्प्युटर मागची गाडी सोडतच नाही. आपल्या रेल्वेच्या सिग्नलसारखंच.

२ जून २०१५. वारा जोराचा होता. मध्येच काही बिघाड झाला, दुरुस्ती चालू असताना रुळांवर पाचवी गाडी आणली गेली. चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी वाटेतच अडकली आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मागून १६ जणांची गाडी निघाली. कॉम्प्युटरने ती चढावरच रोखली. तंत्रज्ञांना वाटलं, यंत्र उगाच अडून बसलंय. त्यांनी त्याचा हुकूम डावलून गाडी सोडली...

धडकेत अनेकजण जबर जखमी झाले. दोन तरुणींचा एकेक पाय कापावा लागला.

कंपनी म्हणाली, मानवी चूक. पण सरकारी तपासात रूळ, डबे, नियंत्रण यंत्रणा, कशातच दोष निघाला नाही. दोष होता कामाच्या पद्धतीत. गाडी अडली तर कुणी काय तपासायचं, हे तंत्रज्ञांना नीट घालूनच दिलेलं नव्हतं. सप्टेंबर २०१६ मध्ये कोर्टाने कंपनीलाच ५० लाख पौंडांचा दंड केला.

त्या तंत्रज्ञांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पहिल्या नोकरीत प्रेस मशीनच्या गार्डचा स्विच सारखा नाटकं करायचा. दहादा खोटा निघाला, अकराव्यांदा मी सरळ बायपास केला. साहेबांनी पाहिलं, बोलले नाहीत. माल वेळेवर गेला. कुणाचा हात गेला नाही, हे निव्वळ नशीब. अकरावी वेळ खरी असती तर?

असो. पाळणा वरती थांबला तेव्हा भाच्याने माझा हात घट्ट धरला. खाली माणसं चढत होती. आम्ही निमूट थांबलो.