वाळुंजाची कुळकथा

इंग्रजीत ‘विलो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वृक्षांच्या प्रजातीला वनस्पतिशास्त्रात ‘सॅलिक्स’ अशी संज्ञा असून तिच्या शेकडो जातींपैकी बहुतेक उत्तरेकडच्या थंड मुलखात वाढतात. परंतु महाराष्ट्रातील ओढ्या-नद्यांच्या काठी तिची एक जात मुळापासूनच रुजलेली आहे आणि मराठीत तिला वाळुंज असे नाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्ग याने तिचे शास्त्रीय वर्णन करून ‘सॅलिक्स टेट्रास्पर्मा’, म्हणजे चार बियांची, असे नामकरण केले. पुरंदर तालुक्यातील वाळुंज हे गाव आणि त्याच नावाचे आडनाव यांवरून हे झाड मराठी मुलखाच्या किती ओळखीचे होते ते दिसते. गंगापूर तालुक्यातील वाळूजच्या नावाशी असलेले साधर्म्यही लक्षात घेण्याजोगे आहे.

या झाडाची जुनी कुळी ‘वेतस’ या संस्कृत नावाशी जुळते. फार्सीत विलोला ‘बेद’ म्हणतात आणि तो शब्द वेतसाचाच भाऊबंद आहे. मराठीत मात्र ‘वेत’ म्हणजे खुर्च्या विणण्याची काटेरी वेल असा अर्थ रूढ झाल्याने जुन्या ग्रंथांतील वेतसाचा अर्थही पुष्कळदा तोच लावला जातो. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’च्या बाबतीत हा अर्थ पटण्याजोगा नाही, कारण वराहमिहिर हा अवंतीचा, म्हणजे उज्जैनच्या परिसराचा, आणि वेताची वेल दमट अरण्यांत वाढणारी असल्याने माळव्याच्या कोरड्या पठारावर वेतस म्हणून वाळुंजच अधिक शोभते.

‘बृहत्संहिते’त भूगर्भातील पाणी शोधण्याच्या विद्येला ‘दकार्गल’ म्हटले असून, त्या अध्यायात झाडांवरून पाणी ओळखण्याच्या ज्या खुणा सांगितल्या आहेत त्यांत पहिला मान वेतसाचा आहे. निर्जल प्रदेशात वेतस दिसल्यास त्याच्या पश्चिमेला तीन हातांवर खणावे, म्हणजे दीड पुरुष खोलीवर पाण्याची शिरा लागते, असे तेथे सांगितले आहे. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची, १२० अंगुळे, म्हणून ही खोली साधारण अकरा फूट भरते. अर्धा पुरुष खणल्यावर फिकट बेडूक, पुढे पिवळी माती आणि पापुद्र्यांचा दगड लागेल, असा तपशीलही तेथे दिलेला आहे. त्यातील दिशा आणि बेडूक बाजूला ठेवले, तरी मूळ निरीक्षण भक्कम आहे, कारण ज्या झाडाला बारमाही ओल लागते ते तग धरून उभे असेल तर पाणी खोलवर असूच शकत नाही.

त्याच ग्रंथाच्या ‘वृक्षायुर्वेद’ अध्यायात ‘अनूपज’, म्हणजे पाणथळ जमिनीत उपजणारी, सोळा झाडे मोजली असून तेथे वेतस, वानीर आणि वंजुल यांची स्वतंत्र गणना आहे. ‘अमरकोशा’त मात्र ही तिन्ही नावे एकाच झाडाचे पर्याय म्हणून येतात. शेतात आणि बागेत झाडांवर नजर ठेवणाऱ्यांचा भेद कोशात पुसला गेला, आणि अशा ठिकाणी बागायतदारांच्या परंपरेवर अधिक विसंबणे योग्य ठरते. काही झाडांची फांदी तोडून, तिला शेण माखून लावण्याची रीतही याच अध्यायात आहे. आजच्या भाषेत तिला छाट कलम म्हणतात.

वाळुंजाच्या लागवडीची खरी किल्ली हेच छाट कलम होय. नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, आणि कापसासारख्या तंतूंसह उडणारे बी ओला गाळ मिळाला नाही तर थोड्याच दिवसांत निर्जीव होते. याउलट, विलोवर्गातील बहुतेक झाडांच्या फांदीच्या सालीखाली मुळांचे अंकुर आधीच तयार असतात, त्यामुळे बोटाएवढ्या जाडीचा, वीतभर-दीड वीत लांबीचा फोक डोळे वरच्या बाजूला राहतील असा दोन तृतीयांश ओल्या मातीत पुरला की तो सहसा फुटतो. तो हिवाळ्यात, झाड विश्रांतीत असताना आणि नवी पालवी येण्यापूर्वी, घ्यावा.

वाळूजच्याच गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशनजवळून वाहणारी शिवना नदी पावसाळ्यात दुथडी भरते आणि उन्हाळ्यात आटते, त्यामुळे तेथील परसात वाळुंज लावायचे तर वर्षभराच्या पाण्याची तजवीज आधी करावी लागते. मुरमाड उंचवट्यापेक्षा न्हाणीचे पाणी जिरते ती सखल जागा बरी. पहिले दोन उन्हाळे अळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन असावे, आणि वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या हिवाळ्यात काढाव्यात. मुळे ओलीच्या शोधात दूरवर जाऊन नळाच्या सांध्यांत शिरतात, यासाठी घराचा पाया, आड आणि सांडपाण्याची टाकी यांपासून झाड लांब ठेवणे आवश्यक आहे. दोन झाडांत वीस हातांचे, म्हणजे सुमारे तीस फुटांचे, अंतर उत्तम, हे वराहमिहिराचे माप येथेही कामी येते.